वाळे काढून वजन

माझा भाऊ गुणाजी घाडी स्वस्थ बसलेला मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिला. जेवायला बसला तरी त्याचा एक गुडघा हलत असायचा आणि शेजारी ठेवलेल्या तांब्यावरचं फुलपात्र वाजत राहायचं. आई वैतागून म्हणायची, "ह्याच्या पायाक भिंगरीच बांधलेली आसा." आणि हा माणूस पोटासाठी करायचा काय, तर घाटकोपरच्या बाजारामागच्या गल्लीत एका दुकानात काटे दुरुस्त करायचा. वाण्यांचे, भंगारवाल्यांचे, एखाद्या सोनाराचे तराजू त्या दुकानात यायचे. दादा दांडी घासायचा, पारडी सारखी करायचा आणि सरकारी शिक्का मारून आणायचा. दांडी थांबेपर्यंत तो म्हणे श्वास रोखून उभा असायचा. मी ते कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, त्यामुळे माझा विश्वास नव्हता.

त्याच्याबरोबर बाजारात जाणं ही शिक्षा होती. आम्ही मुलुंडला, पाच रस्त्यापासून चालत जाण्यासारख्या एका दुमजली चाळीत राहायचो. भाजी आणायला निघालो की दादा भाजी बघायचाच नाही, पारडं बघायचा. एकदा एका कांदेवाल्याच्या पारड्याखालून त्यानं मेणाचा गोळा उपटून काढला आणि त्याच्याच तळहातावर ठेवला. "भाऊ, हे तुमचं चुकून राहिलं होतं." कांदेवाल्यानं मग आमच्या कुळाचा उद्धार केला तो सगळ्या रस्त्यानं ऐकला. मी लाजेनं अर्धी झाले. दादा मात्र खुशीत शीळ घालत पुढे. माणसं खोटं बोलतात, काटा बोलत नाही, हे त्याचं एकच तत्त्वज्ञान, आणि ते त्यानं आम्हाला ऐकवून ऐकवून नको केलं होतं.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, त्र्याऐंशी साली दिवाळी उलटल्यावर, मालनवहिनीला मुलगी झाली. प्रसूतिगृह जवळच होतं. सिस्टर इव्हा नावाची तिथली नर्स, मरोळच्या गावठाणातली, धिप्पाड आणि तोंडानं फटकळ. तिनं पोरीला ट्रेच्या काट्यावर ठेवलं, दांडीवरचं वजन सरकवलं आणि म्हणाली, "पावणेतीन किलो. झकास आहे पोरगी." दादानं आधी काट्याला नमस्कार केला आणि मग पोरीकडे पाहिलं. पुढे दोन दिवस तो पावणेतीन, पावणेतीन करत अख्ख्या चाळीत हिंडला.

आईला ते अजिबात आवडलं नाही. आमची आई देवगडकडची. पोराचं वजन बोलून दाखवायचं नाही आणि घरी आणल्यावर पुन्हा तोलायचं नाही, हा तिचा नियम. "पोराक तोलू नये रे. दिस्ट लागता. धान्य आसा काय ता?" दादानं वाद घातला नाही. काटे दुरुस्त करणाऱ्याच्या घरात मुलीला काटा बंद झाला. सिस्टर इव्हानं निघताना सांगितलं होतं की पहिल्या काही दिवसांत मूल थोडं उतरतं, दोनेक आठवड्यांत परत भरून निघतं, तेव्हा दाखवायला आणा. आईनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं.

रोज सकाळी सुंदराबाई यायची. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी. अर्ध्या मुलुंडातली पोरं आपल्या पायांवर वाढली असं ती सांगायची आणि ते बहुतेक खरंच होतं. तिचा शिरस्ता ठरलेला. ती दारात दिसली की आई वहिनीला हाक मारायची, "मालन, चेडवाक पोटभर पाज गो आधी." भुकेलं पोर न्हाणीत रडलं की त्याची बेंबी फुगते, असं दोघींचंही ठाम मत. म्हणून पोट तट्ट होईपर्यंत पाजायचं, मग सुंदराबाईच्या पसरलेल्या पायांवर आडवं घालायचं, तेलानं पोट गोल गोल चोळायचं, उलटं करून पाठ चोळायची, कढत पाणी घालायचं, ओव्याची धुरी द्यायची आणि पोटाला पट्टा बांधून दुपट्यात घट्ट आवळून निजवायचं. पोरगी दूध काढायची. कधी तोंडातून, कधी नाकातून. सुंदराबाई हातानं पुसून म्हणायची, "जास्तीचं होतं ते निघालं. दूध टाकणारं पोर चांगलं, आत ठेवून घेणारं नव्हे."

आई हसायची. मीही हसायचे. सगळ्या घरातून ओकलेल्या दुधाचा आंबूस वास यायला लागला तेव्हाही आम्हाला काही वाटलं नाही. सगळ्यांचीच पोरं दूध टाकतात, यात बघण्यासारखं ते काय.

मग ती दूध नाकारायला लागली. भुकेनं कळवळून रडायची, छातीशी घेतली की चार घोट घ्यायची आणि एकाएकी धनुकलीसारखी मागे वाकून किंचाळायची. तोंड फिरवायची. थोड्या वेळानं पुन्हा भूक, पुन्हा तेच. वहिनीचे डोळे खोल गेले. आईनं निदान काढलं की आईचं दूधच बाधतंय. वहिनीची डाळ बंद झाली, भाजी बंद झाली, नुसता तूपभात आणि लसणीची चटणी उरली. "उद्यापास्ना गायचा दूध पाणी घालून देऊया," असं आई येता-जाता म्हणायला लागली, आणि दूध पाजायचं चांदीचं बोंडलं घासून फडताळावर तयार ठेवलं. वहिनी त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. एका दुपारी मी कामावरून लवकर आले तर ती मुलीला मांडीवर घेऊन रडत बसलेली. म्हणाली, "वन्सं, माझंच दूध तिला लागत असेल तर मी काय करू? आई म्हणून दुसरं काय आहे माझ्याकडे?" मला आईचा इतका राग आला की मी ते बोंडलं उचलून ट्रंकेत टाकलं.

दादाची तऱ्हा वेगळी. घरात पाऊल ठेवलं की तो दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालायचा. मुलीला उचलायचा, हातावर अंदाज घ्यायचा, काही न बोलता ठेवून द्यायचा. ज्याच्या हाताला छटाक कळतो त्याला काय कळत नसेल? पण तो बोलला नाही. शेवटी वहिनीनंच हट्ट धरला आणि आईला न सांगता आम्ही तिघं मुलीला घेऊन प्रसूतिगृहात गेलो.

सिस्टर इव्हानं तिला उघडी करून ट्रेमध्ये ठेवली. दांडीवरचं वजन पावणेतीनवर नेलं, दांडी धप्पकन खाली. मग मागे आणत आणत ते अडीचच्याही अलीकडे येऊन थांबलं. इव्हाच्या कपाळावर आठी पडली. "कमी झालंय. आतापर्यंत जन्माच्या वर जायला पाहिजे होतं. डॉक्टर आत बाळंतपणात आहेत, बसा."

दादा बसला नाही. तो काट्याजवळ गेला, वाकून दांडीकडे बघितलं आणि म्हणाला, "सिस्टर, तुमचा काटा चुकतोय."

"काय?"

"एका बाजूला ओढतोय. शिक्का कधी मारलाय याच्यावर?"

"काय हो मिस्टर, पोरीकडे बघा ना! काट्याकडे काय बघताय?"

"मी हेच काम करतो. मला शिकवू नका."

आवाज चढले. बाकावरच्या बायका बघायला लागल्या. दादानं मुलीला दुपट्यात गुंडाळलं आणि डॉक्टरांची वाट न बघता बाहेर पडला. मी मागून ओरडत होते, "अरे दादा, थांब की रे जरा!" तो कसला थांबतोय. आयुष्यभर काटा खोटं बोलत नाही म्हणून आमचे कान किटवले, आणि पहिल्यांदाच काट्यानं त्याला नको ते सांगितलं तर काटाच खोटा! घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

घरी कळल्यावर आईनं आधी तोलल्याबद्दल आकांत केला, मग मीठ-मोहरी ओवाळली. दुसऱ्या दिवशी सुंदराबाईनं पोट आणखी जोरात चोळलं. मुलीनं प्यायलेलं सगळं काढलं आणि तिच्यात रडायचंही त्राण उरलं नाही, नुसता बारीक कण्हल्यासारखा आवाज. दादा फेऱ्या घालत होता. वहिनी उठली आणि त्याच्या वाटेत उभी राहिली. या बाईनं तोवर आमच्या घरात कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

"अहो, काटा चुकतोय म्हणता ना? मग तपासून या. चुकत असला तर मी गायीचं दूध पाजते, आई म्हणतील ते करते. पण चुकत नसला तर काय? ते सांगा मला."

दादानं तिच्याकडे पाहिलं. मग चपला घातल्या आणि घाटकोपर गाठलं. परत आला तो शिक्क्याच्या वजनांची पिशवी खांद्यावर टाकून. "चला," म्हणाला.

दुपारची वेळ, प्रसूतिगृहात गर्दी नव्हती. दादाच्या हातातली पिशवी बघून सिस्टर इव्हाला काय ते कळलं. मला वाटलं आता ही आम्हाला हाकलून देणार. तिनं ट्रेवरचं फडकं काढलं आणि बाजूला झाली. "करा. तुमचं समाधान होऊ द्या. पण लवकर करा."

दादानं ट्रेमध्ये एक किलोचं वजन ठेवलं. दांडीवरचं वजन एकच्या खुणेवर नेलं. दांडी दोन हेलकावे घेऊन सरळ आडवी थांबली. दुसरा किलो ठेवला. थांबली. मग अर्धा, मग पितळी लहान वजनं, एक एक करून. प्रत्येक वेळी दांडी जिथे थांबायला हवी तिथेच थांबत होती. दादाचं अंग जरासुद्धा हलत नव्हतं, श्वाससुद्धा. दुकानात तो असाच उभा राहत असणार. त्यानं सगळी वजनं काढली आणि पुन्हा पहिल्यापासून ठेवली. मी मनात देवाला म्हणत होते, एकदा तरी चुकू दे रे, एवढा एक काटा तरी खोटा निघू दे. नाही निघाला.

"बरोबर आहे," दादा म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. "काटा बरोबर आहे, सिस्टर."

वजनं ट्रेमध्ये तशीच राहिली होती. माझ्या या हट्टी, फटकळ भावाची मला तेव्हा इतकी दया आली की सांगता येत नाही. इव्हा एक शब्दही लागट बोलली नाही. तिनं वजनं स्वतः उचलून पिशवीत भरली आणि वहिनीला विचारलं, "दूध कधी पाजता, आंघोळ कधी घालता, सगळं पहिल्यापासून सांगा."

डॉक्टर ताम्हाणे बाई आल्या. मुलीला तपासलं, टाळू बघितली, पोट हळू दाबून बघितलं. उलटी हिरवी होते का, रक्त दिसतं का, लांब उडते का, ताप आहे का, लंगोट किती वेळा ओले होतात, सगळं विचारलं. मग वहिनीला समोर बसवून पाजायला लावलं आणि आपण खुर्ची ओढून बघत बसल्या. मुलीनं चार घोट घेतले, मागे वाकली, किंचाळली, आणि नाकातून दूध आलं.

"हे असंच होतं रोज?"

"हो. पण दूध तर सगळीच पोरं टाकतात ना?" मी म्हटलं.

"टाकतात. बहुतेकांना काही होत नाही, फक्त कपडे खराब होतात. अन्ननळी जिथे पोटाला मिळते तिथलं दार या वयात सैल असतं. त्यातून दूध वर येतं आणि सोबत पोटातलं आम्लही येतं. आपल्याला घशाशी येऊन जळजळतं ना, तसं. ज्याला प्रत्येक घोटाला जळतं ते मूल प्यायला घाबरतं. अर्धं बाहेर पडतं, अर्धं ते घेतच नाही. मग वजन उतरू शकतं."

"उतरू शकतं म्हणजे?" दादा म्हणाला. "त्यानंच उतरलंय की नाही?"

"तसं मी आज छातीठोकपणे सांगणार नाही. दुसरीही कारणं असतात. आज तरी तसं काही दिसत नाही. काही दिवस मी सांगते तसं करा, मग पुन्हा वजन. नाही वाढलं, किंवा मध्येच पोरगी मलूल झाली, तर लगेच मोठ्या इस्पितळात न्यायचं."

हो की नाही यावर जगणाऱ्या माणसाला त्या बाईनं 'कदाचित'वर घरी पाठवलं. सांगितलं ते साधंच होतं. आंघोळ रिकाम्या पोटी, पाजण्याआधी. पोट चोळायचं नाही, पट्टा बांधायचा नाही. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाजायचं. आईचंच दूध, आणि आईनं पोटभर जेवायचं. प्रत्येक वेळी पाजल्यावर मुलीला खांद्याशी उभी धरून ठेवायची, चांगला वेळ, आणि न हलवता.

घरी महाभारत झालं. सुंदराबाई पायांवरचं फडकं झटकून उठली. "माझ्या हातानं पोरगी वाळली असं म्हणायचंय तुम्हाला?" कुणी तसं म्हटलं नव्हतं, पण ती निघून गेली. आई दोन जेवणं जेवली नाही. "उपाशी पोर न्हाणयतत. बेंबी फुगली म्हंजे डाक्टरीण येयत काय बसवूक?" वहिनीनं स्वतः मुलीला आंघोळ घातली, रिकाम्या पोटी. मुलगी रडरड रडली. बेंबी जिथल्या तिथे राहिली.

खांद्याशी धरायचं काम दादानं मागून घेतलं. मी आणि वहिनी एकमेकींकडे बघून हसलो. दुकानाच्या मालकानं रजा दिली होती, काटे काय पळून जात नाहीत म्हणाला. पण दादा पळायचा ना! मुलीला खांद्याशी घेतली की याच्या फेऱ्या सुरू. खिडकीशी वळताना एक गचका, दाराशी एक गचका, आणि तिसऱ्या फेरीला शर्टावर सगळं दूध. "अहो, धरलंय तिला की झोके देताय?" वहिनी म्हणाली. मग तो भिंतीला टेकून बसला. फेऱ्या थांबल्या, गुडघा सुरू झाला. पुन्हा दूध. त्याचं तोंड असं झालं की हसावं की रडावं कळेना. "माझ्याच्यानं नाही होत गं नलू," तो म्हणाला.

आई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. आमच्याशी अबोला. ती उठली, येऊन दादाच्या शेजारी बसली आणि आपला हात त्याच्या गुडघ्यावर दाबून ठेवला. लहान मुलाला दामटावं तसा. मुलगी त्याच्या खांद्यावर झोपून गेली. दूध वर आलं नाही.

त्यानंतर रोज तेच. वहिनी पाजायची, दादा भिंतीला टेकायचा, आई गुडघ्यावर हात ठेवायची. हळूहळू हाताची गरज उरली नाही, तरी आई येऊन बसायचीच. मुलगी अजूनही कधी कधी दूध टाकायची, पण किंचाळणं कमी झालं आणि वाकणंही. वाढत होती की नाही? देव जाणे. कुणी उचललं की बाकीचे सगळे त्याच्या तोंडाकडे बघायचे. आईनं अजून तोलण्याला होकार दिला नव्हता. तिनं बारसं मात्र उरकून घेतलं. नाव आत्यानं ठेवायचं, म्हणून मी तिच्या कानात जानकी म्हटलं, आईच्या आईचं नाव. वहिनीच्या माहेरून भरीव चांदीचे वाळे आले होते, ते तिच्या काटकुळ्या पायांत सरकून घोट्यावर लोंबायला लागले. मला ते बघवेनात. मी त्यांच्यावरून लोकरीचे मोजे चढवले.

वजनाच्या दिवशी आई पातळ बदलून दारात उभी. "मियां येतंय," म्हणाली. आणि आमच्या आधी चालायला लागली.

थंडीची सकाळ होती. खोलीत गारठा, म्हणून इव्हानं झबलं काढलं आणि पायातले मोजे राहू दिले. जानकी ट्रेमध्ये हातपाय झाडत होती. दादा, जो कांदेवाल्याच्या पारड्यात डोकं घालायचा, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "नलू, तू बघ." इव्हानं वजन सरकवलं. मागच्या वेळची खूण आली, दांडी वरच. आणखी पुढे नेलं. अडीचची खूण गेली. वजन त्याच्याही पुढे गेलं तेव्हा दांडी सरळ थांबली.

"वाढलंय!" मी ओरडले. वहिनीनं तोंडाला पदर लावला. दादा गर्रकन वळला, दांडीकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी स्वतःचंच डोकं धरून हसायला लागला. इव्हा म्हणाली, "बघा मिस्टर, माझा काटा." आम्ही सगळे एकदम बोलत होतो.

"थांबा," आई म्हणाली.

ती पुढे आली. ट्रेवर वाकून तिनं जानकीच्या एका पायातला मोजा काढला, मग दुसरा. आत वाळे होते. ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि आठवलं मात्र कुणालाच नव्हतं. मेणाचा गोळा हुडकणाऱ्या माझ्या भावालासुद्धा नाही. त्याचं हसू विझलं.

आईनं वाळे ओढून काढले आणि मुठीत धरले. "आता तोल," ती इव्हाला म्हणाली. "माका चांदीचा वजन नको. माज्या चेडवाचा होया."

दांडी खाली आली होती. इव्हानं वजन मागे घेतलं. एक रेघ. आणखी थोडं. दादा आता काट्यासमोर होता, श्वास रोखून, तसाच, अजिबात न हलता. दांडीनं दोन हेलकावे घेतले आणि थांबली. अडीचच्या पुढेच.

"वाडला?" आईनं विचारलं. तिला खुणा वाचता येत नव्हत्या.

दादानं आईची वाळ्यांची मूठ दोन्ही हातांत धरली आणि मान डोलावली.